नळी नको, पंखा नको. आधी गिझर बाथरूमबाहेर काढा

पत्र:

आदरणीय काका,
आम्ही नाशिकला चौथ्या मजल्यावर राहतो. बाथरूममध्ये सहा लिटरचा गॅस गिझर आहे, नऊ वर्षं झाली. सकाळी आधी मिस्टर, मग दोन्ही मुलं, मग मी आणि शेवटी सासूबाई, असा आंघोळीचा क्रम. गेल्या आठवड्यात सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या आणि त्यांना गरगरलं. मळमळ झाली, अर्धा तास डोकं धरून बसल्या. बीपी नॉर्मल. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. मिस्टर म्हणाले, चतुर्थीचा उपास, पित्त झालं असेल. मला काही ते पटेना. प्लंबरला बोलावलं, त्यानं दोन उपाय सांगितले. एक, गिझरच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसवून ॲल्युमिनियमची नळी डक्टमध्ये सोडायची. दुसरा, व्हेंटिलेटरला सहा इंची एक्झॉस्ट फॅन लावायचा. दोन्हीतलं काय करू? मिस्टर म्हणतात, नऊ वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार? सोबत फोटो पाठवते आहे.
ता. क. सासूबाई म्हणतात, यापेक्षा आमचा बंब बरा होता.
– एक वाचक, नाशिक

ताई,

दोन्हीतलं काहीच करू नका. गिझर बाथरूममधून काढा. का आणि कुठे लावायचा ते सविस्तर सांगतो, पण ते होईपर्यंत उद्या सकाळपासून एवढं करा. व्हेंटिलेटरच्या काचांवर थर्मोकोल चिकटवलेलं फोटोत दिसतंय, ते आज रात्रीच काढा. सकाळी बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, त्याच्या गॅसचा कॉक फिरवायचा, पाचेक मिनिटं थांबायचं आणि मगच आत जाऊन दार लावायचं. पुढच्या माणसासाठी पुन्हा हेच पहिल्यापासून. शॉवर बंद. आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायचं. आणि सासूबाईंची आंघोळ पहिली. हा आठवडाभराचा तात्पुरता जुगाड आहे, वर्षभर चालवायची पद्धत नव्हे.

सासूबाई पहिल्या का, ते सांगतो, कारण तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सहा लिटरचा गिझर म्हणजे साधारण बारा किलोवॉटची शेगडी. स्वयंपाकघरातले पाच मोठे बर्नर एकदम मोठ्या आचेवर लावल्यासारखं आहे ते. तासाला किलोभर गॅस जाळतो. गॅसला जळायला हवा लागते, आणि थोडीथोडकी नाही: एक भाग गॅसला पंचवीस ते तीस भाग हवा. तुमच्या बाथरूमचं माप तुम्ही दिलं नाहीत, पण फोटोतल्या टाइल्स मोजल्या तर पाच बाय सात वाटतं. आठ फूट उंची धरली तर आत २८० घनफूट हवा. पंधरा मिनिटं गिझर पूर्ण आचेवर चालला की तो साधारण ११५ घनफूट हवेतला सगळा प्राणवायू खातो. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८ च्या आसपास उतरला की ज्योत गुदमरायला लागते. दाराखाली पायपुसणं सरकवलेलं, व्हेंटिलेटरला थर्मोकोल, म्हणजे सगळ्या फटी बंद असतील, तर ही वेळ पाच-सहा मिनिटांतच येते.

गुदमरलेली ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गळतीचा जो वास आपल्याला माहीत असतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. गॅस जळाला की तो वासही जळून जातो. त्यामुळे "वास आला असता तर कळलं असतं" हे इथे लागू नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दहा लाख भाग हवेत याचे १,६०० भाग झाले तर वीस मिनिटांत डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस तिथेच राहिला तर तासाभरात जीव जाऊ शकतो. सासूबाईंची लक्षणं पुन्हा वाचा.

आता क्रम बघा. मिस्टर पहिले जातात. रात्रभर मोकळी पडलेली, स्वच्छ हवेची बाथरूम त्यांना मिळते. मग मुलं, मग तुम्ही, आणि तोपर्यंत चार आंघोळींचा जळका वायू आणि वाफ आत कोंडलेली. मध्ये दार उघडतं ते तेवढ्यापुरतं. त्यात सासूबाई शिरतात, त्यांना कढत पाणी लागतं म्हणून गिझर मोठा, थंडी वाजते म्हणून दार घट्ट. नऊ वर्षांत काही झालं नाही, हे पहिल्या नंबरच्या माणसाचं मत आहे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, पहाटे, पाहुण्यांसकट आठ-दहा जण लागोपाठ त्याच बाथरूममध्ये जातात तेव्हा शेवटच्याची काय अवस्था होत असेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय नऊ वर्षांपूर्वीचा गिझर आणि आजचा गिझर एक नाही. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरते, बर्नरच्या भोकांत धूळ आणि कोळिष्टकं जातात, आणि तेवढीच हवा असली तरी ज्योत आधीपेक्षा वाईट जळते. ज्योत निळी असायला हवी. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती टोकाला पिवळी आहे.

ऑक्सिमीटरचं ९८ मनातून काढून टाका. बोटाला लावायचं ते यंत्र रक्ताचा लालपणा बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच दिसतं. विषबाधा झालेल्या माणसालाही ते ९८-९९ दाखवतं. कोविडनंतर घरोघरी हे यंत्र आलं हे चांगलं झालं, पण या बाबतीत ते चक्क फसवतं.

सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या आणि "बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता" हे वाक्य स्वतःहून सांगा. ते कुणी विचारत नाही. आता रक्त तपासून काही सापडणार नाही, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण निम्मं होतं आणि आता आठवडा उलटला. पण काही जणांना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात अडखळणं, स्वभावात बदल असे त्रास होतात. तेव्हा पुढचा महिना-दीड महिना लक्ष असू द्या. गिझरच्या बाथरूममध्ये फिट येऊन पडलेले रुग्ण आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी इतके पाहिलेत की त्याला "गॅस गिझर सिंड्रोम" असं नावच पडलं आहे. कित्येकांवर आधी अपस्माराची औषधं सुरू झालेली असतात.

पुन्हा असं झालंच तर चर्चा करत बसू नका. दार उघडा किंवा फोडा, गॅस बंद, माणूस ओढून मोकळ्या हवेत, १०८ ला फोन. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात. हॉस्पिटलात मास्कनं शुद्ध प्राणवायू देतात, त्यानं विष निम्मं व्हायला चार-पाच तासांऐवजी तास-दीड तासच लागतो. म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. आणि वाचवायला जाणाऱ्यानं आत उभं राहून नाडी तपासू नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इंजिनिअर माणूस, गॅसच्या भट्ट्यांवर नोकरी केलेली, आणि माझ्याच घरी गिझर बाथरूममध्ये होता. जानेवारीत वारा येतो म्हणून व्हेंटिलेटरला पुठ्ठा मी स्वतः लावला होता. एका रविवारी आंघोळ संपत आली, उठायला गेलो आणि पाय उचलेनात. डोकं जागेवर होतं, बायको बाहेरून विचारतेय हे ऐकू येत होतं, "काय झालं हो?" पण उत्तर द्यायला जीभ वळेना. कडीचा स्क्रू महिनाभर निघालेला होता, रोज "आज बसवतो" म्हणत होतो. बसवला नव्हता म्हणून हे सदर लिहितोय. मुंबईत घाटकोपरला २०२३ च्या धुळवडीनंतर एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं होतं, ती बातमी तुम्ही वाचली असेल. रंग काढायला गेलेले. तिथेही संशय गॅस गिझरवरच होता.

आता प्लंबरच्या दोन उपायांकडे येतो. त्याची नियत वाईट नाही, पण दोन्हींत खोट आहे.

पंख्याचं आधी. बंद बाथरूममध्ये पंखा हवा बाहेर ढकलतो, पण बाहेर जाईल तेवढी आत कुठून येणार? दाराखालच्या बोटभर फटीतून येईल तेवढीच. म्हणजे पंखा नुसता गरगरतो. नळी असलेला गिझर असेल तर आणखी वाईट: ओढ बसली की पंखा त्याच नळीतून जळका वायू उलटा आत खेचतो. आणि आपल्याकडचा साधा प्रश्न, लाइट गेली तर? पंखा थांबेल. गिझर मात्र दोन मोठ्या सेलवर पेटतो, तो चालूच राहील. ज्याच्यावर जीव सोपवायचा ती वस्तू महावितरणच्या भरवशावर नको.

आता नळी. तुमच्या गिझरच्या डोक्यावर नुसत्या फटी आहेत, गोल कॉलर नाही. म्हणजे तो नळी लावण्यासाठी बनवलेलाच नाही. बाजारात खपणारे बहुतेक स्वस्त सहा लिटरचे गिझर असेच. त्यावर पत्र्याची टोपी ठोकली तर वायू नळीत जाण्याऐवजी बर्नरवर उलटा दाबला जातो आणि ज्योत आणखी बिघडते. जो चटकन वाकतो तो ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप चिमणीला चालतो, इथे नाही; त्याच्या घड्यांत पाणी साचतं. पाणी कुठलं म्हणाल, तर पाव किलो गॅस जळला की सुमारे ४०० मिलिलिटर पाण्याची वाफ होते, ती थंड नळीत पुन्हा पाणी होते.

आणि डक्ट! माझा खरा राग डक्टवर आहे. डक्ट म्हणजे "बाहेर" नाही. खालपासून वरपर्यंत सगळ्यांच्या बाथरूमची व्हेंटिलेटरं त्याच विहिरीत उघडतात. तुम्ही चौथ्या मजल्यावर सोडलेला गरम वायू वर चढणार आणि पाचव्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये शिरणार. त्यांच्याकडे गिझर इलेक्ट्रिकचा असेल, त्यांच्या स्वप्नातही हे येणार नाही. बऱ्याच इमारतींत कबुतरांच्या त्रासानं डक्टवर वरून पत्रा टाकलेला असतो. टाकलाय का, गच्चीवर जाऊन बघा. टाकला असेल तर तुमचा वायू फिरून तुमच्याकडेच.

मग करायचं काय? तुमच्या स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी आहे, फोटोत कोपऱ्यात वॉशिंग मशीन दिसतंय. गिझर तिथे न्या. बाहेरच्या, मोकळ्या बाजूच्या भिंतीवर. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाइन टाकायची, वरून फोमचं आवरण चढवायचं. सहा मीटरच्या पाइपात लिटरभर थंड पाणी आधी येईल, ते बादलीत धरून झाडांना घाला. मिस्टर या लिटरभर पाण्यावरून आणि टाइल फोडण्यावरून कुरकुर करतील. करू द्या.

पण ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून ती बंद केली असेल, तर तीसुद्धा एक बाथरूमच झाली. सोसायटीत निम्म्या लोकांनी केलेलं असतं. वरची निम्मी बाजू तरी कायमची उघडी हवी, नुसती जाळी. दुसरी खोच स्वयंपाकघराच्या चिमणीची. तासाला हजार घनमीटर हवा ओढते असं खोक्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात कमी ओढत असेल, तरी फोडणीच्या वेळी चिमणी चालू, बाल्कनीचं दार उघडं आणि तिकडे गिझर पेटलेला, असं झालं तर तो जळका वायू थेट तुमच्या ओट्यापाशी येतो. गिझर चालू असताना ते दार बंद ठेवायचं. आणि बाल्कनीला लागून बेडरूमची खिडकी असेल तर गिझर तिच्यापासून किमान चार फूट लांब.

नवा घ्यायचाच झाला (माझं मत विचाराल तर पिवळ्या ज्योतीचा नऊ वर्षांचा गिझर हलवण्यात अर्थ नाही) तर आयएसआय खूण असलेला, आयएस १५५५८ मानकाचा घ्या, आणि शक्यतो कॉलरवाला. मग नळी लावता येईल, ती स्टेनलेस स्टीलची. कॉलरचा जो व्यास तोच शेवटपर्यंत. "तीन इंची मिळाली नाही, अडीच लावली" हे ऐकायचं नाही. गिझरमधून निघाल्यावर नळी आधी सरळ वर जाऊ द्या, जेवढी जाईल तेवढी, मग वळवा. एक एल्बो (काटकोनी वळण) ठीक, दोन नाइलाजानं, तिसरा नको. आडव्या भागाला बाहेरच्या टोकाकडे चढ हवा, फुटाला पाव इंच. गरम वायू स्वतःच्या हलकेपणावर चढतो, त्याला उतारावरून जायला सांगितलं तर तो परत फिरतो. आत पंखा असलेलं मॉडेल असेल तर नियम बऱ्याचदा उलटा, पाणी बाहेर ठिबकावं म्हणून बाहेर किंचित उतार. तेव्हा त्याच्यासोबतचा कागद प्लंबरनं नव्हे, तुम्ही वाचा. बाहेरच्या टोकाला टोपी आणि जाळी. नाशिकची कबुतरं उबदार नळी सोडत नाहीत, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत गिझर बंद राहिला तर तेवढ्यात घरटं तयार.

काम झालं की पैसे देण्याआधी एक परीक्षा. घराची सगळी दारंखिडक्या लावा, स्वयंपाकघराची चिमणी पूर्ण वेगात, बाथरूमचे पंखे चालू. म्हणजे असेल नसेल तेवढी उलटी ओढ निर्माण करा. गिझर पाच मिनिटं जळू द्या. मग गिझरच्या वर जिथे नळी बसते तिथल्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तुमच्या तोंडावर आला तर काम झालेलं नाही, पैसेही नाहीत.

तुमच्या भागात पाइप गॅस येत असेल तर आणखी एक. सिलिंडरचा गिझर पाइप गॅसवर आणि पाइपवरचा सिलिंडरवर नुसती नळी बदलून चालत नाही. जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोंडं) वेगळे असतात. पाइप गॅससाठी मोठी भोकं, त्यात सिलिंडरचा गॅस सोडला की ज्योत भसाभसा पिवळी आणि काजळी. कंपनीच्या माणसाकडून जेट बदलून घ्या किंवा गिझर बदला.

पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराबाहेर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलात तर चांगलंच. ऑनलाइन मिळतो, ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक लिहिलेला बघा. दहा लाखांत ३०० भाग झाले की तीन मिनिटांच्या आत कोकलतो. बाथरूमच्या आत नको, वाफेनं सेन्सर खराब होतो. आणि गॅस गळतीचा अलार्म म्हणजे हा नव्हे, दुकानदार दोन्ही एकच म्हणून खपवतात.

ज्या वाचकांकडे ड्राय बाल्कनी नाही आणि बाथरूम डक्टलाच लागून आहे, त्यांना माझं एकच सांगणं: गॅसचा नाद सोडा. पंचवीस लिटरचा, दोन किलोवॉटचा इलेक्ट्रिक गिझर वीस-पंचवीस मिनिटांत पाणी तापवतो. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासून घ्या. बिल थोडं वाढेल.

हे पत्र मिस्टरांना वाचायला द्याल तेव्हा त्यांना एक विनंती करा. उद्या त्यांनी पाचवा नंबर घ्यावा, दार लावून, गिझर चालू ठेवून. नाही नाही, तसलं काही करू नका, रागात लिहून गेलो. त्यांना फक्त पिवळ्या ज्योतीचा फोटो दाखवा.

आणि सासूबाईंना सांगा, बंबाचं त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बंबाच्या पोटात मधोमध धुराड्याचं नळकांडं असायचं आणि तो परसात, नाहीतर पडवीत पेटायचा. न्हाणीघरात यायची ती फक्त गरम पाण्याची बादली. शिवाय धूर डोळ्यांत जायचा, त्यामुळे कोंडलं की माणूस आपोआप बाहेर पळायचा. तांब्याचा बंब अजून माळ्यावर असेल तर मोडीत घालू नका. पण गिझरवर रुसून त्यांनी तो बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत पेटवायचं काढलं, तर मात्र हात जोडा. कोळशाच्या निखाऱ्यातून हाच वायू गॅसपेक्षा कितीतरी जास्त निघतो.